पाणी फिरवलेला मुलूख

लोणावळ्याची माहिती देणारे कुठलेही पत्रक उचला, त्यात एक वाक्य हमखास सापडते. हे थंड हवेचे ठिकाण 1871 साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी शोधून काढले, असे ते वाक्य. मुंबईला एल्फिन्स्टन आडनावाचे गव्हर्नर दोन होऊन गेले. पहिले माउंटस्टुअर्ट. त्यांनी 1827 साली पद सोडले आणि 1859 साली ते विलायतेत वारले. दुसरे लॉर्ड एल्फिन्स्टन, ते 1860 साली गेले. म्हणजे 1871 साली लोणावळा शोधायला या दोघांपैकी कोणाचे तरी भूतच यायला हवे. शिवाय त्या साली बोरघाटातून रोज आगगाडी वर-खाली करत होती. रोज गाडी थांबते ते गाव कोणी कसे 'शोधून' काढावे?

पण खरी चूक सालाची नाही, 'शोधला' या शब्दाची आहे. ज्या गावात माणसे राहतात, शेते आहेत, देव आहेत, घाटाचे रखवालदार आहेत, ते गाव कोणाला तरी सापडले असे म्हणायला आधी तिथली माणसे नजरेआड करावी लागतात. मावळात इंग्रजी अमदानीत जे घडले त्याची सुरुवात या नजरेआड करण्यापासून होते.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर कार्ल्याचा डोंगर लागतो. चैत्रात मुंबईचे कोळी पालख्या घेऊन एकवीरेला येतात तो हा डोंगर. देवळाला लागूनच लेणे आहे आणि लेण्यात सातवाहन राजाचा एक हुकूम कोरलेला आहे. 'मामाल' येथल्या अमात्याला तो सांगतो, की वलूरकाच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिले आहे. मामाल म्हणजे मावळ. हे नाव अठराशे वर्षांहून जुने आहे आणि सापडते तेच जमिनीच्या कागदात, हे मला फार बोलके वाटते. निवाडा करायचा तर सरळ करू : करजिकच्या गावकऱ्यांना विचारून गाव दिले, असे त्या शिळेवरही कुठे लिहिलेले नाही. वरून हुकूम येणे मावळाला नवे नव्हते. पण गाव भिक्षूंना दिले तरी खाचर कुणब्याच्याच नांगराखाली राहिले, एवढा फरक धरायला हवा.

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, असा अर्थ लोक सांगतात. सह्याद्रीच्या कण्यापासून पूर्वेला उतरणारी ही खोरी. आजच्या तालुक्यात अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ, त्याच्या दक्षिणेला पौड आणि मुळशीकडचे मावळ. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे, ती कुणबी-मराठ्यांची. वरकस उतारावर नाचणी आणि वरई. घाटमाथ्याच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर, सड्यावर धनगरांचे वाडे, रानाच्या कडेला कातकऱ्यांच्या झोपड्या, गावकुसाबाहेर महारवाडा आणि त्याची हाडकी-हाडवळा जमीन. शिवाजी महाराजांच्या पायदळात यांतलेच लोक होते. 'मावळा' ही काही जात नव्हती. ती होती मुलखाची ओळख, आणि ती पुढे कोणी कशी वापरली ते येईलच.

घाटमाथा ही सरहद्द होती, पण नकाशावर आखलेली नव्हे. ती राखणारी माणसे होती. मराठी राज्यात घाटवाटांची आणि किल्ल्यांच्या घेऱ्याची राखण कोळी नाईक, रामोशी, महार, गावोगावचे मेटकरी यांच्याकडे होती. त्याबद्दल त्यांना जमिनी, धान्य, नेमणुका मिळत. कुरवंड्याच्या वाटेने कोकणात उतरणाऱ्या मोगली फौजेला 1661 साली उंबरखिंडीत गाठले गेले ते वाटेची नस ठाऊक असलेल्या माणसांच्या जिवावर. इंग्रजांनाही ही नस एकदा चांगली लागली होती. रघुनाथरावाला पेशवाईवर बसवायला म्हणून त्यांची फौज 1778 च्या अखेरीस बोरघाट चढून आली, सोबत एकोणीस हजार बैल. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. तळेगावात पोहोचावे तर गाव रिकामे आणि जाळलेले. माघार घेताना जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलल्या आणि वडगावात तह करावा लागला. स्टुअर्टच्या शौर्याने मराठेही दिपले. 'इष्टुर फाकडा' म्हणून त्याचे नाव त्यांनी भाषेत ठेवले आणि वडगावात त्याचे थडगेही ठेवले. शत्रूच्या नावाला असे घरचे रूप देणारा मुलूख. उलट बाजूने काय झाले? खंडाळ्यासमोर जो सुळका आहे, त्याला इथले लोक नागफणी म्हणतात. साहेबाला त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले. आज रिक्षावालाही 'ड्यूक्स नोज' म्हणतो.

1818 च्या मार्चमध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला, लोहगड न लढता सुटला आणि घाटमाथ्याची मालकी बदलली. नव्या राज्याला घाट राखायचा नव्हता, उघडा करायचा होता. मग राखणदाराचे काय काम? नेमणुका कमी झाल्या, काही बंद झाल्या. उत्तरेकडच्या जुन्नर, अकोल्याच्या डोंगरी भागांत याचा भडका लवकर उडाला. रामजी भांगरे 1828 च्या सुमारास उठला. त्याच्या मुलाला, राघोजीला, इंग्रजांनी 2 मे 1848 रोजी ठाण्यात फाशी दिले. बंडाच्या काळात सरकारी कागदांत कोळी म्हणजे दरोडेखोर. मग 1857 उजाडले, देशभर आगी लागल्या, तेव्हा त्याच डोंगरांतून कॅप्टन नटॉल याने सहाशे कोळ्यांची पलटण उभी केली. ती शूर निघाली, विश्वासू निघाली, आणि काम संपल्यावर 1861 साली मोडून टाकली. जमात तीच, डोंगर तोच. कागदावरचे विशेषण तेवढे सरकारच्या गरजेप्रमाणे फिरत राहिले.

बोरघाटातला गाडीरस्ता 1830 साली सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. रेल्वेचे काम 1856 साली सुरू झाले. पंधरा मैलांवर थोडी जास्त लांबी, 1,831 फुटांची चढण, पंचवीस बोगदे. 1861 साली या एका घाटात 42,000 वर मजूर राबत होते. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजुरांनी दंगा केला आणि चौकशी बसली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला, आणि उरलेले काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, अंगावर घेतले. तिचे कौतुक अलीकडे पुष्कळ लिहिले जाते आणि ते रास्त आहे. पटकीने आणि सुरुंगांनी मेलेल्या हजारो मजुरांपैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवलेले नाही. 1863 साली घाट खुला झाला.

नाव राहिले ते एका धनगराचे, तेही कागदात नव्हे तर देवळात. खोपोलीहून जुन्या रस्त्याने घाट चढताना शिंगरोबाचे देऊळ लागते. ट्रकवाले वेग कमी करतात आणि खिडकीतून नाणे फेकतात. गोष्ट अशी सांगतात : साहेबाला घाटातून वाट सापडेना. शिंगरोबा धनगराने मेंढरांच्या पायवाटा दाखवल्या. काम झाल्यावर साहेब म्हणाला, काय हवे ते माग. शिंगरोबा म्हणाला, आमचा मुलूख आम्हाला परत द्या. साहेबाने बंदूक उचलली. या गोष्टीला सरकारी दप्तरात आधार शोधू नये. पण लोकांनी ती अशीच का रचली, हे पाहावे. पागोटे, शेत, बैलजोडी असे काहीही मागवता आले असते. गोष्ट सांगणाऱ्यांनी शिंगरोबाला मुलूखच मागायला लावला.

रेल्वेला लाकूड लागते, तेही पुष्कळ. 1878 च्या वन कायद्याने रान राखीव झाले आणि मावळच्या शेतीची एक शीर दाबली गेली. ती शीर म्हणजे राब. ज्याने राब भाजताना पाहिलेला नाही त्याला हे भांडण कळणार नाही, म्हणून जरा जवळून सांगतो.

मावळात भात पेरून भागत नाही, लावावे लागते. आधी खाचराच्या वरच्या अंगाला एका तुकड्यावर रोपे करायची. त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेणाचा थर द्यायचा, त्यावर ऐन-किंजळीच्या फांद्यांचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळे उडून जाऊ नये म्हणून वरून बारीक माती. मग वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची, म्हणजे ती भडकत नाही, रात्रभर धुमसत सरकते. सकाळी काळी, भुसभुशीत, तणाचे बी जळून गेलेली जमीन मिळते. मृगाच्या आगेमागे त्यात धान फेकायचे. आषाढात वीतभर वाढलेला तरवा उपटून, मुठी बांधून, गुडघाभर चिखलात लावायचा. डोक्यावर इरले, पाठीवर पाऊस. राब चांगला भाजला तर रोप जोमदार, नाही तर वर्ष वाया.

यासाठी टहाळ लागतो आणि टहाळ रानात. झाड तोडत नाहीत, दर वर्षी फांद्या छाटतात. झाड जगते, पुन्हा फुटते. जंगल खात्याच्या साहेबाला मात्र छाटलेले झाड म्हणजे बिघडलेले लाकूड. त्याच्या डोळ्यांपुढे होते रेल्वेचे लाकूड, कुणब्याच्या डोळ्यांपुढे होती पुढच्या वर्षाची पेज. घाटाखाली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही तक्रार इतकी वाढली की सरकारला 1885 साली वन आयोग नेमावा लागला, आणि 1887 च्या त्याच्या अहवालात राब हा वादाचा मोठा विषय होता. घाटावर वेगळे काही नव्हते. हिरडा गोळा करायचा तर परवानगी, मोळी आणायची तर परवानगी, ढोरे शिरली तर कोंडवाडा. रान तेच राहिले, बापजाद्यांची वाट तीच राहिली, आणि त्या वाटेने फांदी आणणारा गुन्हेगार झाला.

इथवरचे सगळे इतर डोंगरी मुलखांतही घडले. मावळात जे वेगळे घडले ते पाण्याचे.

लोणावळ्याला कोकणाकडे तोंड करून कड्यावर उभे राहा. पायाशी कोकण आहे, समुद्र फार दूर नाही. तरी पाठीमागे पडलेला पाऊस समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघतो. कुरवंड्यापाशी इंद्रायणी उगम पावते. तुकोबांच्या देहूवरून, ज्ञानोबांच्या आळंदीवरून ती तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पंढरपूरला जाते, कृष्णेला मिळते, आणि लोणावळ्याचा थेंब बंगालच्या उपसागरात पोहोचतो. अरबी समुद्र हाकेवर असताना हा एवढा फेरा. वारकऱ्याला यात काही नवल वाटत नाही. तोही त्याच वाटेने जातो.

डेव्हिड गॉस्लिंग नावाच्या मुंबईच्या एका इंग्रज माणसाला मात्र हा फेरा म्हणजे वाया जाणारी ताकद वाटली. माथ्यावर धो धो पाऊस, लगेच शेजारी 1,700 फुटांहून जास्त कडा. पाणी पूर्वेला जाऊ न देता अडवावे, नळांतून पश्चिमेला कड्याखाली सोडावे आणि विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात. जमशेटजी टाटांना ही कल्पना पटली होती, पण 1904 साली ते गेले. त्यांच्या मुलांनी 1910 साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी काढली. 1911 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला पाया घातला गेला. लोणावळा, वळवण आणि शिरवता असे तीन तलाव झाले, आणि 1915 च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. त्यापाठोपाठ अंदर मावळात ठोकरवाडीला आंद्रा नदी अडवली. तिचे पाणी 1922 पासून भिवपुरीला कोसळू लागले.

मराठीत 'पाणी फिरवणे' म्हणजे केलेले सगळे मातीला मिळवणे. इथे ते शब्दशः झाले. इंद्रायणीचे, आंद्रेचे पाणी माथ्यावरच वळवून पाताळगंगेत आणि उल्हासात सोडले गेले. गिरण्यांची धुरांडी थंडावली, मुंबईचा धूर कमी झाला, देशी भांडवलाने परक्या कोळशावर मात केली. हे सगळे खरे आहे आणि मोठे आहे. टाटांचे हे धाडस त्या काळात स्वदेशीचे भूषण मानले गेले, आणि पुढच्या भांडणातला पेच नेमका इथूनच सुरू झाला. समोर गोरा साहेब असता तर पुण्याच्या पुढाऱ्यांना काय बोलायचे ते पाठ होते.

1919 साली टाटा पॉवर कंपनी निघाली. तिने हात घातला लोणावळ्याच्या दक्षिणेला, मुळा आणि नीला यांच्या संगमावर, मुळशीला. हे खोरे भाताचे. इथल्या आंबेमोहोराचा वास पुण्याच्या पेठांत ओळखीचा. पाण्याखाली जाणार होती पन्नासेक गावे आणि दहा हजारांवर माणसे. जमीन घ्यायला हत्यार होते 1894 चा भूमिसंपादन कायदा. काम लोकोपयोगी आहे असे सरकारने एकदा म्हटले की मालकाची संमती लागत नसे. बाजारभाव ठरवायचा, सक्तीबद्दल वर शेकडा पंधरा द्यायचे, ताबा घ्यायचा. याच कायद्यात कंपन्यांसाठीही जमीन घेण्याची सोय होती. प्रत्यक्ष ताबा येण्याआधीच कंपनीने चाचणीचे खड्डे खणायला घेतले आणि लोक चिडले.

'लोकोपयोगी'मधले लोक कोण, हा प्रश्न मुळशीने उभा केला. आज तो प्रत्येक धरणापाशी विचारला जातो. तेव्हा तो विचारायला शब्दही तयार नव्हते.

16 एप्रिल 1921, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर चालून गेले आणि तिथेच बसले. हातात काही नाही, काम मात्र बंद. शपथ होती 'जान किंवा जमीन'. बाया होत्या, पोरे होती. विनायकराव भुस्कुटे, हरिभाऊ फाटक, शंकरराव देव अशी पुण्याची माणसे यात होती. पारनेरचे पांडुरंग महादेव बापटही होते. विलायतेला शिष्यवृत्तीवर गेलेले, पॅरिसमध्ये बॉम्ब बनवण्याची विद्या शिकून आलेले हे गृहस्थ मुळशीत सत्याग्रही झाले, आणि 'सेनापती' ही पदवी त्यांना मिळाली ती इथे. 'यंग इंडिया'त गांधीजींनी टाटांना जाहीर विनंती केली, की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता लोकांशीच बोलावे. कंपनीने काम थांबवले. असहकाराला वर्षही झाले नव्हते, आणि मावळच्या कुणब्यांनी एक कंपनी थांबवून दाखवली होती.

पण थांबणे तात्पुरते होते. पावसाळा गेला, डिसेंबरात काम आणि सत्याग्रह दोन्ही पुन्हा सुरू झाले. आता कायद्याने जमीन कंपनीकडे जात होती, म्हणजे आपल्याच खाचरात बसलेला माणूस घुसखोर ठरत होता. धरपकड झाली, शिक्षा झाल्या, बाया-पोरेही तुरुंगात गेली. पुढची दोन-अडीच वर्षे चळवळ क्षीण होत गेली. ती का क्षीण झाली, हे सांगताना आपली लेखणी अडखळते, म्हणून ते सरळ सांगायला हवे.

मुळशीतल्या पुष्कळ जमिनीचा कागदावरचा मालक तिथे राहतच नव्हता. तो पुण्यात राहत होता. इंग्रजी मोजणीने जमिनीला नंबर दिला, नंबराला खातेदार दिला, आणि खाते गहाण टाकता येऊ लागले. एक साल बुडाले, लग्न निघाले, बैल मेला, की खाते सावकाराकडे. कसणारा तोच, घरही तेच, पण आता तो कूळ. मोबदला मिळणार होता खातेदाराला. सावकाराच्या दृष्टीने धरण म्हणजे खंडासाठी वर्षानुवर्षे तगादा लावण्यापेक्षा रोख, तीही शेकडा पंधराच्या वाढीसह. त्याने सत्याग्रहाला सुरुवातीला सहानुभूती दाखवली ती भाव वाढेपर्यंत. भाव पटला, सहानुभूती आटली. पुण्यातल्या पुढाऱ्यांतही दोन तट होते : धरणच नको म्हणणारे आणि मोबदला चांगला घ्या म्हणणारे. दुसरा तट वरचढ ठरला, कारण त्याच्या मागे कागद होता.

कुळाच्या हातात काय आले असेल, याचा अंदाज बांधता येतो. त्याच्याही खाली पाहा. सुताराला, लोहाराला गावाकडून बलुते मिळे. गाव बुडाले की बलुते बुडाले, त्याची किंमत कोणत्याही तक्त्यात नव्हती. धनगराचा सडा त्याच्या नावावर कधीच नव्हता. कातकरी ज्या रानात कंद खणी, मध काढी, कोळसा पाडी, ते रान सरकारचे. हे लोक जमिनीचे मालक नव्हते, जमिनीवरून हलवले मात्र गेले. करजिकच्या शिळेपासून मुळशीच्या निवाड्यापर्यंत कागदाला गाव दिसते, पीक दिसते, खातेदार दिसतो. या माणसांसाठी त्यात रकानाच नसतो.

आणि 'मावळा'? सत्याग्रहाच्या काळात सभांतून, पत्रकांतून हा शब्द पुन्हा जिवंत झाला. शिवाजीचे मावळे पुन्हा उठले, असे पुण्याने म्हटले. लोकांना त्याने बळ दिले, यात शंका नाही. पण त्या शब्दाखाली कूळ आणि सावकार, कुणबी आणि कोळी, गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा, सगळे एकाच रंगात रंगले. दोनशे साठ वर्षांपूर्वी उंबरखिंडीत हे चालले असेल. 1921 साली समोर तलवार नव्हती, खातेउतारा होता, आणि त्यावर 'मावळा' असे कोणाच्याही नावापुढे लिहिलेले नव्हते.

बापटांना हार मान्य नव्हती. शुद्ध सत्याग्रहाची त्यांची स्वतःची व्याख्या होती, आणि गांधीजींच्या व्याख्येत ती बसत नव्हती. 1924 च्या डिसेंबरात त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावर माणसे नेणारी गाडी अडवली आणि शस्त्र चालवले. सात वर्षांची शिक्षा झाली. सत्याग्रह तिथे संपला. 1927 साली मुळशीचे पाणी भिऱ्याला कोसळू लागले आणि कुंडलिकेतून रोह्याकडे वाहू लागले. विस्थापितांपैकी काही जण पाण्याच्या वरच्या काठाला सरकले, काही पांगले. पोटासाठी मुंबईला जाण्याची वाट मावळाला आधीपासून माहीत होती. मुंबईचे डबेवाले पाहा : मावळ, मुळशी, खेड, जुन्नर हीच त्यांची गावे. पाणी गेले त्या बाजूला माणसेही गेली.

स्वराज्य आल्यावरही मावळचे पाणी दुसरीकडे नेण्याची बुद्धी संपली नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले, त्यांत एक बाई होती. जिथे हे घडले तिथून कार्ल्याचा डोंगर दूर नाही.

मुंबईत माहीमपासून दादर, परळच्या बाजूने रुळांच्या कडेने एक लांबलचक रस्ता जातो. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना एके काळी गिरण्या होत्या, आणि त्या गिरण्यांत चात्या फिरत त्या घाटावरच्या पाण्याच्या जोरावर. जुने मुंबईकर अजून त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात, कारण तुळशी तलावाच्या पाण्याचा मोठा नळ त्याच्या कडेने येतो. त्याच रस्त्यावर एक स्टेशन आहे. 2018 साली त्याचे नाव प्रभादेवी झाले, तोवर ते एल्फिन्स्टन रोड होते. रस्त्याचे सरकारी नाव पाटीवर आहे : सेनापती बापट मार्ग.